भाषण गाजणे आणि भाषण पटणे

आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत मुलांना आवाजाचे चढउतार, शेर, म्हणी आणि टाळीची जागा शिकवली जाते. भाषण कशाने गाजते, हे त्यातून कळते; कशाने पटते, हे मात्र बाजूला राहते. हा फरक तपासायला नांदेड आणि लातूर हे शेजारचे दोन जिल्हे मला उपयोगी वाटतात. नांदेडने नरहर कुरुंदकरांचा (१९३२–१९८२) युक्तिवाद ऐकला, लातूरने विलासराव देशमुखांची (१९४५–२०१२) मिश्किली. दोघांनीही श्रोता जिंकला, पण वेगवेगळ्या वाटांनी.

कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. त्यांची पद्धत ‘छत्रपती शिवाजी महाराज : जीवन-रहस्य’मध्ये स्वच्छ दिसते. अफजलखान, शाहिस्तेखान, आग्रा हे प्रसंग श्रोत्याला पाठ असतात. कुरुंदकर ते नाकारत नाहीत. मात्र महाराजांचे मोठेपण एवढ्या नाट्यमय प्रसंगांत मावत नाही, असे म्हणून ते प्रश्नच बदलतात. महाराज १६८० मध्ये गेले. १६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले. राजाराम महाराज दूर जिंजीला होते. तरीही १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत इथली साधी माणसे लढत का राहिली?

या मांडणीत विशेषणे फारशी कामाला येत नाहीत; घटनांचा क्रमच काम करतो. श्रोत्याला जे मान्य आहे तिथून सुरुवात होते, मग त्याची श्रद्धा न दुखावता तिची जागा हलवली जाते आणि उत्तराच्या उंबरठ्यावर त्याला आणून सोडले जाते. शेवटचे पाऊल त्याने स्वतः टाकलेले असते, म्हणून ते उत्तर त्याला आपले वाटते. अर्थात ही वाट लांबची आहे. केवळ जयघोषासाठी आलेला श्रोता मध्येच चुळबुळ करणार.

विलासरावांचे साधन निराळे होते. बाभळगावच्या सरपंचपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत त्यांच्या हजरजबाबीपणाची ख्याती राहिली. त्यांच्या ढंगाच्या सभाविनोदात वाक्य अर्धे सोडले जाते आणि उरलेले श्रोते हसून पुरे करतात. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळू शकते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. एकत्र हसलेल्या सभेत हे ‘आपण’ शब्दाविना तयार होते. विनोदाचे बळ इथे आहे आणि धोकाही इथेच. हसून मोकळा झालेला माणूस मूळचा प्रश्न पुन्हा विचारीलच असे नाही.

म्हणजे दोन्हीकडे वक्ता जागा रिकामी ठेवतो आणि श्रोता ती भरतो. फरक इतकाच, की कुरुंदकरांकडे ती विचाराने भरावी लागते आणि प्रश्न घरापर्यंत सोबत येतो. विनोदात ती हशाने भरते आणि प्रश्न मांडवातच मिटतो.

तरी श्रोत्याला भोळा समजू नये. ज्या लातूरने विलासरावांना मनापासून दाद दिली, त्याच लातूरने १९९५ च्या निवडणुकीत त्यांना पाडले आणि १९९९ मध्ये पुन्हा निवडून दिले. दाद म्हणजे होकार नव्हे, हे सभेतल्या माणसाला पक्के ठाऊक असते.

आज मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. भाषण आता मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात पोहोचते. विनोद, टोमणा, यमक त्या तुकड्यात जगतात. पायरीपायरीने चढणारा युक्तिवाद कापला की मरतो. जे कापून टिकते तेच बोलायची सवय वक्त्यांना लागते, आणि लांबचे ऐकण्याची सवय श्रोत्यांची सुटते.

म्हणून वक्तृत्व स्पर्धांच्या परीक्षकांना माझी एक सूचना आहे. भाषण संपल्यावर स्पर्धकाला विरुद्ध बाजू दोन मिनिटांत प्रामाणिकपणे मांडायला सांगावी, आणि निम्मे गुण त्याला ठेवावेत.