उत्तम दिसेल, पण कोणाला?

‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररवर उत्तम दिसेल’ अशी ओळ पूर्वी अनेक मराठी पानांच्या तळाशी असे. दिसायला ती तांत्रिक सूचना; प्रत्यक्षात ती वाचक निवडत होती.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या सुमारास मराठी वृत्तपत्रे महाजालावर येऊ लागली होती. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा, आणि मजकूर साठवला जाई तो रोमन अक्षरांच्या संकेतांत. मायक्रोसॉफ्टच्या ‘ईओटी’ पद्धतीने फॉन्ट पानासोबत उतरे; पण ती पद्धत इंटरनेट एक्सप्लोररलाच कळे. २००४ साली आलेल्या फायरफॉक्सवर असे पान म्हणजे निरर्थक अक्षरांची रास. विंडोज ९८वर युनिकोड देवनागरी नीट उमटत नसे, ही सबब काही काळ खरी होती. विंडोज २०००नंतर ती हळूहळू संपली. सवय मात्र राहिली.

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ११चा आधार काढून घेतला. युनिकोडमध्ये न आणलेला त्या काळचा मजकूर आता मराठी शब्द देऊन शोधता येत नाही. नव्या जिल्ह्याची पहिली वर्षे अशा पानांवर नोंदली गेली असतील, तर उद्याच्या अभ्यासकाला ती असून नसल्यासारखीच.

आज त्या ओळीत क्रोमचे नाव असते. सेनगाव किंवा औंढा नागनाथच्या वाचकाच्या साध्या फोनवर क्रोम नसेल, तर दोष त्याचा नव्हे. एकाच ब्राउझरच्या भरवशावर लिहिलेले पान त्या ब्राउझरइतकेच जगते.