मंदावणाऱ्या ज्योतीचा साक्षीदार

काही वर्षांपूर्वी परिचयातील एका विवाहित भगिनीने मला विचारले होते, "मी खरोखरच इतकी विसराळू आहे का हो?" प्रश्न साधा होता, पण विचारताना तिचा आवाज कापत होता. ठेवलेल्या वस्तू जागेवर सापडत नाहीत, बोललेले शब्द आपण बोललोच नव्हतो असे सांगितले जाते, आणि दर वेळी शेवटी चूक आपलीच ठरते, असे ती सांगत होती. मी धीराचे चार शब्द बोललो. संसारात असे चालायचेच, थोडे सोसावे, मने हळूहळू जुळतात, असे काहीसे. ती गप्प झाली आणि पुन्हा तो विषय तिने माझ्यापाशी काढला नाही. पुढे जॉर्ज क्युकर यांचा 'गॅसलाइट' (१९४४) दुसऱ्यांदा पाहण्याचा योग आला, तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ मला उमगला. तिने माझ्याकडे सल्ला मागितला नव्हता; तिला साक्ष हवी होती.

ज्यांचा जोडीदार व्यक्तिमत्त्वाच्या विकाराने ग्रासलेला आहे, अशा माणसांना आपल्या सहजीवनाचा अर्थ लावण्यास चित्रपट कोणती मदत करू शकतो, हा या लेखाचा विषय आहे. आरंभीच एक मर्यादा सांगितली पाहिजे. मानसशास्त्राच्या परिभाषेत व्यक्तिमत्त्व-विकार म्हणजे केवळ तापट किंवा हेकट स्वभाव नव्हे. तारुण्याच्या उंबरठ्यापासून दिसू लागणारी, जीवनाच्या सर्व अंगांना व्यापणारी, प्रसंग बदलला तरी न बदलणारी आणि त्या माणसाला किंवा त्याच्या व्यवहाराला जाच देणारी वृत्ती, असे त्याचे स्वरूप सांगतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत त्याचे दहा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी कोणता प्रकार कोणाला लागू पडतो, हे ठरवणे तज्ज्ञाचे काम आहे. दोन तासांचा चित्रपट पाहून कोणी घरी जाऊन पतीच्या वा पत्नीच्या कपाळी एखादे नाव चिकटवू नये. पण आपल्या घरात काय घडते आहे, ते पाहण्याची दृष्टी चित्रपट देऊ शकतो. ते काम निदानाहून वेगळे आहे, आणि माझ्या मते निदानाच्या आधीचे आहे.

'गॅसलाइट' हा पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या नाटकावर आधारलेला चित्रपट. त्याच नाटकावर थॉरल्ड डिकिन्सन यांनी १९४० साली ब्रिटनमध्ये एक चित्रपट काढला होता. परंतु जगाच्या स्मरणात राहिला तो क्युकर यांचा. इन्ग्रिड बर्गमन यांना अभिनयाचे पहिले ऑस्कर याच भूमिकेसाठी मिळाले. कथा एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये घडते. पॉला ही तरुणी आपल्या पतीसह, ग्रेगरीसह, एका जुन्या घरात राहायला येते. तिची गायिका मावशी वर्षांपूर्वी याच घरात मारली गेलेली असते. मावशीच्या मौल्यवान रत्नांसाठी ग्रेगरीनेच तो खून केला होता आणि त्यांच्याच शोधासाठी त्याने पॉलाशी लग्न केले आहे, हे प्रेक्षकाला हळूहळू कळते. रोज रात्री बाहेर जाण्याचे निमित्त करून तो शेजारच्या रिकाम्या घरातून छपरावाटे आपल्याच घराच्या बंद माळ्यावर शिरतो. माळ्यावरची बत्ती त्याने पेटवली की खाली पॉलाच्या खोलीतील गॅसच्या दिव्याची ज्योत मंदावते. वर पावले वाजतात. आणि घरात दुसरी बत्ती कोणीच लावलेली नसते.

ग्रेगरी पत्नीवर हात उगारत नाही, आणि म्हणूनच शार्ल ब्वाये यांचा हा ग्रेगरी अधिक भयंकर वाटतो. त्याचे शस्त्र कोमल आवाज हे आहे. तो तिला एक ब्रोच देतो, ती वस्तू हरवेल याची व्यवस्था करतो आणि मग तिच्या विसराळूपणाबद्दल दुःख व्यक्त करतो. एका प्रसंगी तो तिला नाटकाला नेण्याचे सांगतो. कित्येक दिवस घरात कोंडल्यासारखी राहिलेली पॉला आनंदाने अक्षरशः नाचू लागते. त्याच क्षणी त्याची नजर भिंतीकडे जाते. तेथली तसबीर नाहीशी झालेली असते. नोकरांना बोलावून बायबलवर शपथ घ्यायला लावली जाते आणि अखेर तसबीर पॉलानेच लपवली असे ठरते. नाटक रद्द होते. आधी आशा द्यायची, ती फुलू द्यायची आणि मग काढून घ्यायची, ही रीत ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हा प्रसंग पाहताना आपलेच दिवाणघर आठवेल. निव्वळ क्रौर्य माणसाला ओळखता येते. मधूनमधून मिळणारा गोडवाच त्याला बांधून ठेवतो.

या चित्रपटाचे खरे मर्म मात्र दोन साक्षींमध्ये आहे. पहिली साक्ष पोलीस अधिकारी कॅमेरॉनची. तो पॉलाच्या खोलीत असताना ज्योत मंदावते, आणि दिवा मंद झाल्याचे तो स्वतःहून बोलून जातो. हे तुम्हालाही दिसले, या जाणिवेने बर्गमन यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते शब्दांत सांगणे कठीण. त्या क्षणी तिची सुटका झालेली नाही, पती अजून माळ्यावरच आहे; पण आपले डोळे आपले आहेत हे तिला परत मिळाले आहे. दुसरी साक्ष स्वयंपाकीण एलिझाबेथची. ग्रेगरी परतून विचारतो की घरात कोणी पुरुष आला होता का. मालकिणीवर बालंट येऊ नये म्हणून ही भली बाई सांगते की आपण कोणाला पाहिले नाही. हेतू निर्मळ असतो. परिणाम असा होतो की तो माणूसही आपल्याला स्वप्नातच दिसला, असे पॉलाला वाटू लागते. वाईट माणसाने महिनोन्महिने खपून जे साधले, ते एका मायाळू बाईच्या एका वाक्याने पूर्णत्वास नेले. हा प्रसंग पाहताना मला माझे ते धीराचे चार शब्द आठवले.

मानसोपचाराच्या क्षेत्राने या चित्रपटाचे नाव उचलले यात नवल नाही. १९६९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारावर लेख आला, आणि २०२२ साली तर 'गॅसलायटिंग' हा शब्द मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. शब्द मिळाला हे चांगलेच झाले. पण तो इतका स्वस्त झाला आहे की साध्या मतभेदालाही लोक तेच नाव देऊ लागले आहेत. म्हणून मूळ चित्रपटाकडे परत जाणे अगत्याचे वाटते.

तथापि 'गॅसलाइट'ची एक उणीव मान्य केली पाहिजे. ग्रेगरीला रत्ने हवी आहेत. त्याच्या वागण्याला हेतू आहे, आणि हेतू उघड झाला की कोडे सुटते. प्रत्यक्षातल्या घरांच्या माळ्यावर बहुधा रत्ने नसतात. जोडीदार कशाचाही शोध घेत नसतो. आपण करतो ते योग्यच आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पुढच्या काळातील बऱ्याच चित्रपटांनी ही गुंतागुंत टाळली. १९९१ सालचा 'स्लीपिंग विथ द एनिमी' आणि त्याच्या वाटेने गेलेले आपल्याकडील 'याराना' (१९९५), 'अग्निसाक्षी' (१९९६), 'दरार' (१९९६) यांनी पती हा थरकाप उडवणारा खलनायक करून टाकला. 'अग्निसाक्षी'त नाना पाटेकर यांचा अभिनय विसरता येत नाही हे खरे. पण असा खलनायक पाहून पीडित स्त्री म्हणते, "माझा नवरा एवढा वाईट नाही," आणि पुन्हा त्याच घरात जाते. थराराचा हा मोठा दोष आहे. तो दुःखाला इतके अवाढव्य करतो की खऱ्या दुःखाला त्यात आपले रूप सापडत नाही.

ही उणीव भरून काढणारा चित्रपट स्पेनमधून आला. इसियार बोयाइन या दिग्दर्शिकेचा 'ते दोय मिस ओहोस' (२००३), म्हणजे 'माझे डोळे तुला देते'. स्पेनचे सात गोया पुरस्कार त्याला मिळाले. तोलेदो शहरात राहणारी पिलार एका रात्री लहान मुलाला घेऊन घर सोडते. बहिणीच्या दारी पोहोचल्यावर तिच्या ध्यानात येते की आपण घरातल्या सपाताच घालून बाहेर पडलो आहोत, आणि तिचा बांध फुटतो. मारहाण पडद्यावर दिसलेलीच नाही. त्या सपातांनी सगळे सांगितले.

लुइस तोसार यांनी साकारलेला अंतोनिओ हा पती राक्षस नाही. त्याचे पत्नीवर प्रेम आहे. तिला गमावण्याच्या भीतीने तो आतून पोखरलेला आहे. तिला परत आणण्यासाठी तो हिंसक पुरुषांच्या उपचारगटात जातो, समुपदेशकाच्या सांगण्यावरून वहीत आपल्या भावना लिहू लागतो. त्याची धडपड खोटी नाही. पिलार परतते, आणि प्रेक्षकालाही क्षणभर वाटते की बरे झाले. मात्र दरम्यान तिला चित्रकलेची गोडी लागली आहे. तिशियनच्या 'दानाए' या चित्राविषयी ती लोकांपुढे आत्मविश्वासाने बोलते, तेव्हा मागे उभा राहून ऐकणाऱ्या अंतोनिओला अभिमान वाटत नाही, धास्ती वाटते. आपल्याशिवायही तिला जग आहे, हेच त्याला सोसवत नाही. माद्रिदमधील कामाची संधी आली, तेव्हा तो तिचे कपडे ओरबाडून तिला घराच्या सज्जात उघडी उभी करतो. नंतर ती पोलिसांकडे जाते. अंगावर दाखवण्याजोगी जखम नाही. काय मोडले असे विचारल्यावर ती सांगते की त्याने सारेच मोडून टाकले आहे. नोंदवहीत अशा मोडतोडीसाठी रकाना नसतो.

जोडीदार रोगट आहे, दुःखी आहे, प्रयत्न करतो आहे, हे सारे खरे असूनही त्याच्यासोबत राहणे घातक असू शकते, हे या चित्रपटाचे सांगणे आहे. ज्याची करुणा येते त्याच्याकडे परतलेच पाहिजे, असे नाही. पिलारची आई आपल्या विशेष परिचयाची वाटेल. मुलीने नवऱ्याकडे जावे, संसार सावरावा, असा तिचा धोशा असतो. आणि तिनेही असेच सोसले होते, हे हळूहळू उघड होते. ती दुष्ट नाही. ती तोलेदोची एलिझाबेथ आहे.

आपल्या मातीतील एका चित्रपटाचा उल्लेख केल्याविना हा विचार पुरा होत नाही. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारित आहे. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमोल पालेकर यांचा केशव दळवी उषाच्या कमाईवर जगतो, तिला पडद्यावर कामे करायला लावतो आणि तिच्यावरच संशय घेतो. ती त्याच्यापासून सुटते आणि काळे या श्रीमंत गृहस्थाच्या वाड्यात जाते. तेथे सन्मान आहे, फक्त उंबरठा ओलांडण्याची मुभा नाही. तेथून बाहेर पडण्यासाठी तिला पोलीस आणि पुन्हा केशवच लागतो. घर सुटले म्हणजे बंधन सुटले असे नव्हे, हे कटू सत्य बेनेगल यांनी कसलाही उपदेश न करता मांडले आहे. उषाची पावले एका कोंडवाड्यातून दुसऱ्याकडे वळतात, कारण तिच्या आयुष्यात ज्योत मंदावल्याचे सांगणारा कोणी कॅमेरॉन आलेला नाही. अखेरीस ती हॉटेलच्या खोलीत एकटी असते, आणि ते एकटेपण दुःखाचे की सुटकेचे हे दिग्दर्शक सांगत नाही.

आता आपल्याविषयी. विवाह हा संस्कार अतूट आहे, असे आपण मानतो. त्यामुळे सोसण्याचा सल्ला आपल्या तोंडी लवकर येतो. परंतु ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या कायदेसंहितेतील ११५३ वे कलम सांगते की जोडीदारामुळे पतीच्या वा पत्नीच्या किंवा मुलांच्या आत्म्याला वा देहाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते रास्त कारण आहे. विलंबात धोका असेल तर स्वतःच्या अधिकारानेही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात, दुर्बळ जोडीदाराला आणि मुलांना इजेपासून वाचवण्यासाठी विभक्त होणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे म्हटले आहे. आपल्या देशाचा २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही शाब्दिक व भावनिक छळाला हिंसाच मानतो. म्हणजे धर्म आणि कायदा दोघेही न दिसणारी जखम मान्य करतात. ती मान्य करायला मागे राहतो तो आपण, शेजारी आणि आप्त.

हे तीन चित्रपट धर्मग्रामातील कुटुंबमेळाव्यांत, विवाहपूर्व शिबिरांत दाखवले जावेत, असे मला वाटते. 'ते दोय मिस ओहोस' प्रौढांनाच दाखवावा, आणि नंतर जाणत्या समुपदेशकाने चर्चा चालवावी. मात्र एखादी स्त्री, किंवा पुरुषही, कारण हे दुःख पुरुषांच्याही वाट्याला येते, चित्रपट संपल्यावर काही न बोलता बसून राहिली, तर तिला लगेच उपदेश करू नये. तिचे ऐकावे.

त्या भगिनीची पुन्हा गाठ पडली तर तिच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे आता मला ठाऊक आहे. 'नाही, तू विसराळू नाहीस,' असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण तिच्या घरात मी नव्हतो. पण 'काय काय घडले ते मला सांग, मी ऐकतो आहे,' एवढे तरी त्या दिवशी म्हणायला हवे होते.