हाताचा पाय होतो तेव्हां

टेबलाभोंवतीं बसून, फांसे टाकून कल्पित पात्रांच्या भूमिका खेळण्याचे जे खेळ 1974 सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून रूढ झाले, त्यांचीं नियमपुस्तकें वाङ्मयाच्या कक्षेंत येतात काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें अवश्य येतात. पात्रनिर्मिति हें जर वाङ्मयाचें कार्य, तर तेंच येथें आंकड्यांनीं साधावयाचें असतें. आणि त्याची कसोटी पाहावयास, कधीं दोन तर कधीं चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याइतकें चांगलें उदाहरण नाहीं.

उपर्युक्त खेळाच्या 'व्होलोज गाइड टु मॉन्स्टर्स' या 2016 सालच्या पुस्तकांत 'टॅबॅक्सी' नांवाची मार्जारमानवांची जात आहे. लढाईंत आपल्या पाळीला तिला वेग दुप्पट करतां येतो; मात्र एकदां तसें केल्यावर, एखादी पाळी जागचें न हालतां काढल्याखेरीज ती शक्ति पुन्हां वापरतां येत नाहीं. मांजराची झेप व मागाहूनचा विसांवा यांचें हें चित्र सुरेख खरें. पण ही धांव दोन पायांची कीं चार, याविषयीं नियम मूक आहे. हातांतला भाला धांवतांनाही हातांतच राहतो. नांव मांजराचें, शरीर मनुष्याचें!

स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स'ची गोष्ट निराळी. 1986 सालच्या या खेळाच्या चौथ्या आवृत्तींत (2004) चिंपांझीसारख्या अर्धवट उभ्या ठेवणीचें एक कलम आहे. असा प्राणी मागल्या पायांवर उभा राहून हात वापरूं शकतो, पण तेव्हां त्याचा वेग शेंकडा 40च उरतो, व अपूर्णांक सोडून द्यावयाचा. म्हणजे सेकंदाला 6 यार्ड धांवणारा प्राणी उभा राहिला कीं 2 यार्डांवर येतो. पूर्ण वेग हवा तर चारी पाय टेकावे, आणि मग एखाददुसरी लहान वस्तूच बरोबर नेतां येते. या उणिवेबद्दल पात्र घडवितांना खेळाडूस 5 गुण परत मिळतात. भाषा हिशेबनिसाची, पण मशाल टाकून पळावें कीं मशाल धरून मागें राहावें, हा प्रश्न तिच्यांतूनच उभा राहतो, आणि पात्राचा स्वभाव अशाच प्रसंगीं प्रकट होतो.

तथापि चार पायांवर वेग व दोहोंवर मंदता, हें या कलमाचें गृहीत सृष्टींत सर्वत्र टिकत नाहीं. कांगारू चरतांना पुढचे पाय व शेंपूट टेकून सावकाश सरकतो, आणि घाई असतां दोन पायांवर उड्या घेतो. बॅसिलिस्क सरडा तर मागल्या पायांवर पाण्यावरूनही धांवतो. त्यांच्यापुढें हें कलम लंगडें पडतें.

असो. नियमकर्त्यांस आमची सूचना एवढीच कीं, प्राणी किती धांवेल हें मागाहून ठरवावें. हाताचा पाय झाला म्हणजे काय सुटतें व पायाचा हात झाला म्हणजे काय लाभतें, हें आधीं सांगावें. ज्या पुस्तकांत याचें उत्तर नाहीं, तेथें खेळाडूच्या अंगावर नुसतें कातडें चढतें. त्याच्या आंत प्राणी येत नाहीं.