वहीतली नदी

देऊळघाटाजवळून पैनगंगा वाहते. तरी वर्गात 'नदीचे आत्मवृत्त' आम्ही मास्तर लोक गाइडातूनच उतरवून देतो. पोरानं 'पाणी आणाले गेलो' लिहिलं की लाल रेघ! १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी. बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्पर नाही, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे तिनं लिहिलं. वेद आमचे नाहीत, मग आमचा धर्म कोणता, हेही विचारलं. निबंधाचं बळ आहे ते या विचारण्यात. आम्ही मात्र शुद्धलेखन तपासतो, म्हणणं वाचतच नाही. आधी पोराचं म्हणणं वाचू. रेघ मग मारता येईल.