वाड्याची मालकी आणि वाड्याचे अंतरंग

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकाची समीक्षा मुख्यतः सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाच्या अंगाने झाली आहे. ही मांडणी असमर्थनीय नाही; मात्र तीत वाडा केवळ प्रतीक ठरतो आणि तो एक मालमत्ता आहे, हे दुर्लक्षित राहते.

या संदर्भात ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘हॉवर्ड्‌स एन्ड’ (१९१०) या कादंबरीशी तुलना उद्बोधक ठरते. मिसेस विल्कॉक्स आपले घर मार्गारेट श्लेगेलला देऊ इच्छिते. कुटुंबीय ती इच्छा दडपतात. पुढे श्लेगेल भगिनींचे सामान व पुस्तके त्या घरात मांडली जातात आणि तेथे चपखल बसतात. कायदेशीर हक्क मिळण्यापूर्वीच घराचे अंतरंग नव्या मालकिणीचा स्वीकार करते.

धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात क्रम नेमका उलटा आहे. येथे मालक तेच राहतात. अंतरंग मात्र रिते होत जाते. तात्याजींच्या तेराव्याच्या खर्चासाठी वाड्याचा भाग विकण्याची वेळ येते. अंगणातला ट्रॅक्टर गंजत पडतो. एका रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर घालते. तेच दागिने घेऊन रंजू शिकवणीच्या मास्तरांबरोबर निघून जाते. वापरातली वस्तू आधी ठेव होते, मग किंमत. आजवर न मोजलेला वाडा वाटणीच्या भाषेत प्रथमच मोजला जातो. ठाकुर्ली-डोंबिवलीच्या सदनिकेत घराची ओळखच क्षेत्रफळाने होते. तेथील वाचकाला या मोजणीतील हानी सहज जाणवणार नाही.

या मोजणीत स्त्रियांचे स्थान विशेष लक्षणीय आहे. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मालमत्तेवर पुत्राचा हक्क जन्मसिद्ध. कन्येला तो महाराष्ट्रात १९९४च्या आणि देशभर २००५च्या कायदेदुरुस्तीने मिळाला. नाटकाच्या काळात शिक्षण नाकारली गेलेली प्रभा वाड्यात राहते, पण वाड्याची वाटेकरी नसते. आई आणि वहिनी ज्या घराचे अंतरंग आयुष्यभर सांभाळतात, त्याच्या मालकीबाबत निर्णय भास्कर आणि सुधीर यांच्यात होतो. चंदू पुरुष असूनही राबणाऱ्यांतच मोडतो. म्हणजे येथील भेद केवळ लिंगाचा नसून श्रम आणि स्वामित्व यांचाही आहे.

‘मग्न तळ्याकाठी’मध्ये पराग घराला पुन्हा संपन्नता आणतो, परंतु पैसा परतला तरी जुने अंतरंग परतत नाही. ‘युगान्त’मध्ये तर भोवतालची भूमीच ओसाड झाली आहे. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४मध्ये तिन्ही नाटके सलग सादर केली, तेव्हा हा क्रम एकसंधपणे प्रत्ययास आला. या त्रयीला गतवैभवाची शोकांतिका म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. ज्यांनी घर राखले त्यांना ते कधीच मिळाले नव्हते, हा तिचा अधिक कठोर आशय होय.