काठावरचे मणी

तांब्यावर झाकायच्या क्रोशाच्या रुमालाकडे कोणी निरखून पाहत नाही. रुखवतात मांडला असेल तर ‘किती बारीक काम!’ एवढी दाद मिळते आणि बघणारी पुढच्या ताटाकडे वळते. माझ्यासमोरचा रुमाल भाईंदरच्या एका घरातला आहे. पांढरा सुती दोरा, तळहाताहून थोडा मोठा गोल, काठाला लाल काचेचे मणी. तो बसतो स्टीलच्या तांब्यावर. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी भाईंदर ओळखलं जातं, तेव्हा तांब्या गावातलाच असणार.

रुमाल मधून बाहेर वाचायचा असतो. सहा साखळ्यांचं कडं, त्यात दाटीने बारा खांब. पुढच्या फेऱ्यांत खांबांमध्ये साखळ्या शिरतात आणि जाळी मोकळी होत जाते. खांब जास्त झाले तर काठाला चुण्या पडतात, कमी पडले तर रुमालाची वाटी होते. हा अगदी सपाट बसलाय. कडेला कमानी आहेत आणि प्रत्येक कमानीच्या टोकाला एकेक मणी. आत कुठेही मणी नाही.

हा संयम मला फार आवडला. लाल रंग हाताशी असताना मधोमध एखादं फूल काढायचा मोह कोणाला होणार नाही? पण मधे वजन आलं असतं तर जाळी तांब्यात झुकली असती, पाण्याला टेकली असती. मणी काठावर असल्यामुळे ते जाळीला चहूबाजूंनी खाली ओढून ताणून धरतात. पंखा चालू असो की खाडीचं वारं, रुमाल उडत नाही. शोभा आपल्या नजरेला आधी दिसते, पण करणारीने आधी वजनाचा विचार केलेला असतो.

आता रुमाल उलटा करू. मणी नंतर सुईने टाचले असते तर मागे गाठी दिसल्या असत्या. तशी एकही गाठ नाही. म्हणजे पहिली साखळी घालण्याआधीच सगळे मणी दोऱ्यात ओवलेले होते. ते गुंड्याच्या बाजूला सरकवत ठेवायचे, कमानीच्या टोकाशी आलं की एक सुईजवळ ओढायचा आणि त्याच्यामागे साखळी घालून तो अडकवायचा. काठियावाडी मोतीकामाच्या तोरणात सुई मण्यांतून पुन्हापुन्हा जाते आणि मण्यांचीच जाळी तयार होते. इथे विणताना सुई मण्यात जातच नाही.

आधी ओवून ठेवण्याचा एक फायदा चर्चगेटच्या लोकलमध्ये कळतो. मण्यांची वाटी मांडीवर घेऊन महिलांच्या डब्यात काम करणं अशक्य; बोरिवलीच्या आत मणी बाकाखाली गेलेले असतील. ओवलेला गुंडा मात्र पर्समधून निघतो आणि काम सुरू होतं.

अडचण एवढीच की शेवटी ओवलेला मणी पहिल्यांदा विणला जातो. नुसत्या लाल काठाला त्याने काही बिघडत नाही. पण नक्षी असेल तर ती शेवटाकडून ओवावी लागते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कैदेतल्या तुर्की सैनिकांनी मण्यांच्या क्रोशाचे साप विणले. त्यांतल्या अनेकांवर ‘टर्किश प्रिझनर्स’ ही इंग्रजी अक्षरं आणि सालही विणलेलं आहे. ती अक्षरं विणण्याआधीच, मणी ओवताना, उलट्या क्रमाने मोजून घ्यावी लागली असणार. शिवाय लिपी त्यांच्या रोजच्या लिहिण्यातली नव्हे. त्या सापांपुढे आमचा रुमाल अगदीच साधा, हे कबूल.

सापासारखी मण्यांची दोरी विणणं हेच पुष्कळजणींचं ध्येय असतं. तिचे पहिले दोन-तीन वेढे म्हणजे निव्वळ गोंधळ. मणी कुठेही वळतात, कुठला टाका कुठला ते कळत नाही. वेढ्यात सहा मणी ठेवायचे असतील तर सहा रंग त्याच क्रमाने पुन्हापुन्हा ओवावेत. लालवर लाल, निळ्यावर निळा येतो आणि चूक लगेच दिसते. मणी ११ नंबरचे नकोत, ८ नंबरचे घ्यावेत. इथे नंबर वाढला की मणी बारीक होतो. मुक्या खांबात मणी आपल्याकडे न येता कामाच्या पाठीमागे जातो, हेही आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर सुलट बाजू शोधण्यात संध्याकाळ जाते.

तरी माझं मत विचाराल तर दोरी नंतर, आधी काठ. कमानीला एक मणी, चुकलं तर चारच साखळ्या उसवायच्या. दोरीत ओवण्याची चूक बरीच पुढे गेल्यावर सापडते. जास्तीचा मणी असेल तर तो पकडीने फोडतात; आधी भोकात एक सुई सरकवतात, म्हणजे काचेची धार दोऱ्याला लागत नाही. मणी कमी पडला असेल तर मात्र दोरा तोडून गाठ मारावी लागते, आणि ती गाठ दोरीच्या आतल्या पोकळीत लपवावी लागते.