मुखपृष्ठ आणि मांडणी : ‘दीपावली’चे उदाहरण

नियतकालिकाच्या मांडणीचा विचार करताना अभ्यासक बहुधा मुखपृष्ठापाशीच थांबतो. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या ‘दीपावली’च्या बाबतीत हा मोह अधिकच प्रबळ होतो; कारण तेथे चित्रकार आणि संपादक एकच होता. डौलदार रेषांची, प्रसन्न रंगांची त्यांची मुखपृष्ठावरील स्त्रीप्रतिमा स्वयंपूर्ण असते. कथाचित्राचे तसे नाही. शीर्षक, मजकूर आणि मोकळी जागा यांच्या संगतीत ते उभे राहते. कथेतील कोणता क्षण दाखवावयाचा हे ठरवून वाचनाला वळण लावते. म्हणजे ते एक प्रकारचे भाष्यच होय. सुट्या चित्राचे मूल्यमापन ही चित्रसमीक्षा होईल. मांडणीची समीक्षा नव्हे. चित्र पाहून झाल्यावर वाचक मजकुराकडे वळतो की नाही, हीच मांडणीची खरी कसोटी होय.